मुंबई–सॅन फ्रान्सिस्को: आईला किती तास सांगू?

नमस्कार मंडळी,
आई जानेवारीत पहिल्यांदाच इकडे येतेय, तीही एकटी. अंतर पाहिलं तर १३,५०० किलोमीटर. तासाला ९०० धरले की १५ तास होतात. पण तिकिटावर दुपारी २ ला निघून त्याच दिवशी साडेचारला पोचते असं लिहिलंय! परतीला सोमवारी रात्री ९ ला निघून बुधवारी पहाटे साडेतीन. तिला नेमकं काय सांगू?

*

नमस्कार,
तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात. जानेवारीत आपण भारताच्या साडेतेरा तास मागे असतो (उन्हाळ्यात साडेबारा). दुपारी २ मध्ये १६ तास मिळवा, भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ६ होतात. साडेतेरा वजा केले की इथले आदल्या दिवशीचे साडेचार. म्हणजे १६ तास. परतीचे असेच मोजा, १७ येतील.

किलोमीटरवरून वेळ काढू नका. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरा. तो पूर्वेला किंवा पश्चिमेला न जाता जवळजवळ सरळ उत्तरेला, सैबेरियाकडे निघतो. तुमचे १३,५०० या दोऱ्याचे आहेत. विमान त्यावरूनच जाईल असं नाही, कारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे वारा पाठीशी घेत पूर्वेकडून नेलं. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला, १५,३०० झाला, तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ २ तास लवकर! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

मधे थांबा असेल तर हवेतल्या तासांपेक्षा थांब्याचे तास जास्त जाचतात. दुबईमार्गे अंतर १५,००० च्या आसपास, म्हणजे फार वाढत नाही. पण उतरून पुन्हा सुरक्षा तपासणी, दुसरं गेट शोधणं, हे सगळं एकट्या माणसाला करावं लागतं. आईसाठी व्हीलचेअर आत्ताच नोंदवून ठेवा, चालता येत असलं तरी. सोबत माणूस मिळतो.

*

काकांनी छान समजावलंय. माझी एकच भर. बुधवारी पहाटे साडेतीन म्हणजे मंगळवारची रात्र! आमचे हे परत गेले तेव्हा दिरांनी ‘बुधवार’ एवढंच लक्षात ठेवलं आणि बुधवारी रात्री गाडी काढायच्या तयारीत राहिले. हे पहाटेपासून बॅगांवर बसून. तुमच्या घरच्यांना तारीख सांगू नका, ‘मंगळवारी जेवण झालं की झोपायचं नाही, विमानतळावर निघायचं’ असं सांगा.