मदत हवी आहे: युरोडान्स आणि ट्रान्सनंतर काय ऐकावे?

'रिदम इज अ डान्सर' (१९९२), 'मिस्टर व्हेन' (१९९३) आणि 'नो लिमिट' (१९९३) ही युरोडान्सची, म्हणजे नव्वदच्या दशकातील युरोपीय नृत्यसंगीताची, गाणी मला आजही मनापासून आवडतात. पुरुषाच्या आवाजातील रॅप, ध्रुवपदात स्त्रीचा भरदार आवाज आणि या दोहोंना बांधून ठेवणारी सिंथेसायझरची सोपी, पण मनातून न जाणारी धून, अशी ती रचना. पुढे इटलीच्या रॉबर्ट माइल्सच्या 'चिल्ड्रन'मधील पियानोने आणि बर्लिनच्या पॉल व्हॅन डाइकच्या 'फॉर अ‍ॅन एंजल'ने मला ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या प्रकाराकडे नेले. या दोन रचनांत गायन नव्हते, तरीही धून हळूहळू उलगडत नेण्याची रीत मला अधिक परिपक्व वाटली.

त्यानंतर मात्र वाट सापडत नाही. मिनिमल टेक्नो ऐकून पाहिले. एकाच तालात सूक्ष्म बदल घडवण्यामागचे कसब कळते, परंतु धुनीची उणीव जाणवते. गोवा ट्रान्समध्ये स्वरांचे थर भरपूर आहेत, पण गाणारा आवाज क्वचितच येतो. जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्या कृपया सुचवू नयेत, कारण त्यांत बहुधा ओळखीची ओळ तेवढी उचललेली असते.

मी घरी, हेडफोनवर ऐकतो. त्यामुळे डीजेंच्या लांबलचक सेटपेक्षा सलग ऐकता येतील असे अल्बम हवे आहेत. गाण्यांची भाषा कोणतीही चालेल आणि वेग थोडा कमी असला तरी हरकत नाही. स्पष्ट धून आणि गाणारा आवाज जपूनही नव्वदच्या दशकाची नक्कल न करणारे, २००५ नंतरचे युरोपीय कलाकार कोणते, आणि त्यांच्या कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी?