तंबोऱ्याचा भोपळा आणि घरची मुळे
ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी गायले नाही, त्यांच्या संगीताला मुळे नसतात, हे संगीतावरच्या एका चर्चेत कोणीतरी मांडलेले मत मला पटत नाही. गुरूशिवाय गाणे येत नाही, एवढे त्यातले मान्य आहे. पण गाण्याची मुळे केवळ गळ्यातच शोधायची का? आमच्या घरात कोणी कधी गायले नाही. मात्र आजोबा पंढरपूरजवळच्या आमच्या शेतात कडू भोपळ्याचे वेल लावत आणि वाळलेले भोपळे, ज्यांपासून तंबोऱ्याचा खालचा घुमणारा भाग होतो, मिरजेच्या तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडे जात. फळ जमिनीला टेकून कुजू नये आणि त्याची गोलाई बिघडू नये म्हणून आजोबा खाली पेंढा घालत, वेलीवरच पूर्ण पिकू देत आणि कवच टणक झाले की नाही हे बोटाने टकटक करून ऐकत. ते ऐकणे हेच आमच्या घरातले पहिले स्वरज्ञान, असे मी मनापासून मानतो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण त्या वाद्याची सुरुवात शेतात होते, हे या चर्चेत कोणीच म्हटले नव्हते. नोकरी सांभाळून तिशीनंतर मी गाणे शिकू लागलो. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा धागा सरकवताना ज्या क्षणी जवारी, म्हणजे तारेचा भरदार झंकार, खुलते आणि भोपळा मांडीशी घुमू लागतो, त्या क्षणी मला आजोबांचे ते टकटक करणारे बोट आठवते.