मदत हवी आहे: गालगुंडानंतर मुलीचा एक कान गेला, पुढे काय करावं?

नमस्कार मंडळी,

मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. दिवाळीनंतर तिला गालगुंड झाले. ताप आला, गाल टम्म फुगले, मग सूजही उतरली. मुलगी शाळेत जायला लागली आणि आम्हाला वाटलं, सुटलो. मग एकदा आजीचा फोन मी तिच्या डाव्या कानाला लावला, तर म्हणाली, "आजी बोलतच नाहीये." उजव्या कानाला लावल्यावर गप्पा सुरू! तोवर तिने एका शब्दानेही तक्रार केली नव्हती.

कान-नाक-घसा डॉक्टरांनी पीटीए (किती हळू आवाज ऐकू येतो ती तपासणी) आणि बेरा (आवाजाला श्रवणाची नस कसा प्रतिसाद देते ती तपासणी) करून घेतल्या. उजवा कान उत्तम. डाव्या कानाची रेघ आलेखावर 90 डेसिबलच्याही खाली, म्हणजे त्या कानाला जवळपास काहीच ऐकू येत नाही. पडदा, मधला कान ठीक. विषाणूमुळे आतल्या कानाला इजा झाली आहे. स्टिरॉइड देऊन पाहिले, काहीच फरक नाही. आता डॉक्टर म्हणतात, "एक कान चांगला आहे, बोलणं व्यवस्थित आहे, काळजी करू नका."

काळजी कशी नाही करणार? हाक मारली की पोर भलतीकडेच बघते. रस्त्यावर गाडी कुठून येतेय ते तिला कळत नाही. वर्गात पंख्यांची घरघर, मुलांचा कालवा, त्यात बाई डावीकडून बोलल्या की संपलंच. डायरीत शेरा आला, "लक्ष नसते." तो वाचून फार वाईट वाटलं.

क्रॉस श्रवणयंत्राचा (बंद कानाकडचा आवाज चांगल्या कानात पोचवणारं यंत्र) या वयात उपयोग होतो का? एका कानासाठी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) करतात का? आणि धाकटा दीड वर्षाचा आहे. सरकारी लसीकरणात त्याला एमआर मिळाली, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालगुंडाची लस त्यात नाही. त्याला एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस) आता देता येईल का?

प्रतिसाद १

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे. गालगुंडात बहुतेकदा एकच कान जातो आणि तो सहसा परत येत नाही. क्रॉसमध्ये डाव्या बाजूचा माइक आवाज उजव्या कानात पोचवतो, पण दिशा त्याने कळत नाही. शिवाय डावीकडचा गोंगाटही चांगल्या कानात शिरतो. वर्गासाठी मी आधी रिमोट माइक सुचवेन: बाईंच्या गळ्यात माइक, मुलीच्या उजव्या कानाशी रिसीव्हर. जागा पुढच्या बाकावर, डावा कान भिंतीकडे आणि उजवा वर्गाकडे येईल अशी मागा.

इम्प्लांट एका कानासाठीही करतात. आधी एमआरआयमध्ये श्रवणाची नस आणि आतला कान पाहतात. ऐकू येणं थांबून जितका कमी काळ लोटला असेल तितका फायदा जास्त, म्हणून निर्णय काहीही घ्या, पण इम्प्लांट करणाऱ्या तज्ज्ञांचं मत लवकर घ्या. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे तपासणी आणि सल्ला दोन्ही मिळतं. उजव्या कानाची तपासणी ठरावीक काळाने करत राहा, आणि तो फुटला, वाहिला तर घरगुती तेल-बिल अजिबात नको.

एमआर झाली असली तरी धाकट्याला एमएमआर देता येते. आधीच्या लसीपासून निदान चार आठवड्यांचं अंतर हवं, बालरोगतज्ज्ञांना लसीकरणाचं कार्ड दाखवा.

प्रतिसाद २

आमच्या मुलाचं कारण वेगळं: त्याला जन्मजात सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग) होता. जन्मानंतरची ओएई (बाळाच्या कानांची) चाचणी पास झाला आणि तिसऱ्या वर्षी ऐकणं कमी झालं. हा संसर्ग जन्मजातच आहे हे खात्रीने सांगायला पहिल्या 21 दिवसांतली लघवी किंवा लाळ तपासावी लागते. आमच्या बाबतीत ते जपून ठेवलेल्या नमुन्यामुळे कळलं. शाळेला तोंडी सांगून भागत नाही. ऑडिओग्रामची (कानाच्या तपासणीच्या आलेखाची) प्रत आणि डॉक्टरांचं पत्र मुख्याध्यापकांना द्या, पोच घ्या. दरवर्षी बाई बदलतात, तेव्हा पुन्हा द्या.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पत्र उद्याच मागते, इम्प्लांटसाठी मुंबईची वेळ घेते. रिमोट माइक विकत घेण्याआधी वर्गात थोडे दिवस वापरून बघायला सातारा-कोल्हापूरकडे कुणी देतं का? कुणाला माहीत असेल तर कृपया इथेच लिहा.