मदत हवी आहे: गीझरचा गळणारा व्हॉल्व्ह प्लंबरने बूच मारून बंद केला, चालेल का?

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याला आमचं रो-हाउस आहे. गच्चीवर टाकी, तिला प्रेशर पंप. दिवाळीत बाथरूममध्ये २५ लिटरचा नवा गीझर बसवला. पहिल्या दिवसापासून गार पाण्याच्या पाइपवर जो छोटा व्हॉल्व्ह असतो ना, बाजूला दांडी आणि खाली उघडं तोंड असलेला, त्यातून गीझर तापताना थेंब थेंब पाणी पडायचं. सासूबाई खाली तांब्या ठेवायच्या, आंघोळी उरकेपर्यंत तो अर्ध्याला यायचा. पाणी वाया जातंय म्हणून त्यांना चैन पडेना.

शेवटी ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने त्या तोंडात टेफ्लॉन गुंडाळून बूच मारलं आणि म्हणाला, "ताई, आता एक थेंब दिसला तर पैसे परत." थेंब दिसत नाही हे खरं. पण गीझर तापला की आतून टक् टक् आवाज येतो, आणि गरम नळ उघडला की पहिली धार इतक्या जोरात येते की रिकामी बादली सरकते. हे नॉर्मल आहे का?

अजून दोन गोष्टी. सोलर वॉटर हीटरचा नळ वेगळा आहे. शनिवारी दुपारी सहा वर्षांच्या लेकीने तो उघडून खाली हात धरला. गार पाण्याखाली बराच वेळ धरून ठेवला, फोड आला नाही, पण तळवा संध्याकाळपर्यंत लाल होता. यावर काही उपाय?

आणि माझं माहेर निफाडजवळ. मागच्या थंडीच्या लाटेत सकाळी ऊन वर आल्यावर भावाच्या सोलर पॅनलमधून पाणी गळायला लागलं. भाऊ म्हणतो रात्री आत बर्फ झाला. दुरुस्तीवाला म्हणतो महाराष्ट्रात असं होतच नाही. कोणाचं खरं?

गच्चीवरचा मिस्त्री:
ताई, पुढचं नंतर वाचा, आधी गीझरचं बटण बंद करा. मग गरम नळ सोडून ठेवा, आतला दाब उतरेल. लगेच बूच काढायला जाऊ नका, उकळतं पाणी अंगावर येईल. पूर्ण गार झाल्यावर गार पाण्याचा कॉक बंद करून काढून घ्या.

तो व्हॉल्व्ह बिघडलेला नव्हताच, त्याचं कामच गळणं आहे. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर नेलंत तर साधारण ४०० मिली जागा जास्त लागते. तुमचा अर्धा तांब्या तो हाच. त्या व्हॉल्व्हमध्ये पाणी उलटं जाऊ न देणारी झडपही असते, त्यामुळे फुगलेलं पाणी टाकीकडे परत जात नाही. खालचं तोंडही बंद केल्यावर त्याने जायचं कुठे? तुमची सरकणारी बादली तेच सांगतेय. आणि उद्या थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडतो तो) चिकटला, कटआउटनेही (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा दुसरा स्विच) दगा दिला, तर शेवटचा राखणदार हा व्हॉल्व्हच. त्याच्याच तोंडात बोळा.

बंबवाली आज्जी:
आमच्या पंचवटीतल्या वाड्यात तांब्याचा बंब होता. वरून तांब्याभर गार ओतलं की तोटीतून तेवढंच गरम बाहेर. तोंड उघडं, म्हणून दाबाची भानगडच नाही. तुमच्या गीझरला उघडं तोंड म्हणजे तेवढा एक व्हॉल्व्ह, त्यालाच बूच मारलंत की हो!

सिडकोकर:
एवढं घाबरवू नका. आमच्या गावच्या गीझरला वीस वर्षं असला व्हॉल्व्हच नाही, काही झालं नाही.

गच्चीवरचा मिस्त्री:
तुमच्याकडे पंप नसेल आणि वाटेत झडप नसेल, तर फुगलेलं पाणी गुपचूप वरच्या टाकीत जातं. यांच्याकडे ती वाट बंद आहे. दोन्ही एक नाही. तरी तुम्हीही एक बसवून घ्या.

लेकीचं: काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये कडक उन्हात, आणि त्यातही दोन दिवस कोणी पाणी वापरलं नसेल तर, ८० अंशांच्या वरही जातं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसालासुद्धा पाचेक सेकंदांत खोल भाजतं, लहान मुलांची कातडी त्याहून पातळ. बाथरूमच्या आधी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम पाण्यात आपोआप गार मिसळून ठरलेल्या तापमानावर ठेवणारा) बसवा आणि ४५ अंशांच्या आत ठेवा. तोवर नळाची मूठ काढून उंचावर ठेवा आणि बादलीत आधी गार, मग गरम. गीझर मात्र ५५-६० वरच राहू द्या, कोमट पाणी साठवलं तर त्यात जंतू वाढतात.

द्राक्षवाला:
निफाडचं मी सांगतो. पॅनल नळ्यांचं की सपाट काचेचं, तांब्याच्या पाइपांचं? सपाट असेल तर भाऊ बरोबर असू शकतो. रात्री आभाळ निरभ्र असलं की पॅनल आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत राहतं आणि हवेपेक्षाही गार होतं. हवा दोन-तीन अंशांवर असली तरी आतलं पाणी गोठू शकतं. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं, तांबं फाटतं, पण बर्फानेच भोक बुजलेलं असतं. म्हणून गळती उन्हं आल्यावर. अशाच रात्री आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो. फाटलेल्या जागी बघायला सांगा: पाइपच्या लांबीत चीर आणि कडा बाहेर फुगलेल्या असतील तर बर्फच. सांध्यातून गळत असेल तर डाख (सांध्याचं झाळकाम) सुटलाय.

लाट आली की संध्याकाळी पॅनलचं पाणी खालच्या कॉकने सोडून द्या, नाहीतर वर गोणपाट टाका. सकाळी काढायला विसरू नका, आमच्याकडे दोन दिवस तसंच राहिलं आणि वर सोलरलाच शिव्या.

पाथर्डी फाटा (धागाकर्ती):
सर्वांचे आभार. काल बूच निघालं. प्लंबर आधी वाद घालत होता, मग त्याच्याच समोर गीझर लावला आणि खाली तांब्या ठेवला. पाणी कढत झालं तसं थेंब सुरू झाले, टक् टक् बंद. आता तोंडाला नळी लावून ती मोरीपर्यंत सोडली आहे. बूच काढायचे दीडशे वेगळे लागले, असो.

भावाने फोटो पाठवला. पॅनल सपाटच आहे, मधल्या पाइपला बोटभर उभी चीर, कडा ओठांसारख्या उलटलेल्या. दुरुस्तीवाला अजून म्हणतोय पाइपच हलका होता.

मिक्सिंग व्हॉल्व्ह सोलरच्या लाइनला कमी दाबावर नीट चालतो का? सोलरला आमचा पंप नाही, पाणी नुसतं उतारानेच येतं. कोणी बसवला असेल तर सांगा.