मिशनवरची दीड-दोन वर्षे : शिकवताना आपल्यात काय बदलले?

लोक ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात, त्या 'अंतिम दिवसांतील संतांच्या येशू ख्रिस्ताच्या मंडळी'त तरुणांनी दोन वर्षे आणि तरुणींनी दीड वर्ष घर, शिक्षण व नोकरी बाजूला ठेवून मिशनवर जाण्याची प्रथा आहे. कोठे जायचे हे आपण ठरवत नाही. मंडळीकडून येणारे बोलावणे ते ठरवते. खर्चाचा मोठा भाग आपण आणि आपले कुटुंब उचलते आणि त्या काळात आपण कधीही एकटे नसतो, कारण प्रत्येकाला एक सोबती नेमून दिलेला असतो. मराठी बोलणाऱ्यांमध्ये असे मिशन केलेले लोक फार थोडे आहेत, पण आहेत. म्हणून त्यांना आणि त्यांच्या जवळच्यांना मी लिहिण्याची विनंती केली.

आपल्या प्रदेशाशी या मंडळीचा संबंध अलीकडचा नाही. स्कॉटलंडचे ह्यू फिंडले 1852 मध्ये मुंबईत उतरले, पुढे पुण्यातही त्यांनी प्रचार केला आणि 1855 मध्ये ते परतले. त्यांच्या पदरी फार थोडे अनुयायी पडले. मी पुण्याची असल्यामुळे त्यांचा विचार माझ्या मनात वारंवार येतो. तीन वर्षांच्या वणवणीत त्या माणसाच्या स्वतःच्या श्रद्धेचे काय झाले असेल, हे मला जाणून घ्यावेसे वाटते. तुम्हालाही मी तेच विचारले आहे. किती बाप्तिस्मे झाले ते कृपया लिहू नका. दुसऱ्याला शिकवता शिकवता तुमच्या आत काय घडले, ते लिहा. सुरुवात मी करते.

हैदराबाद, 2013–14

ऑक्टोबर 2012 मध्ये मुलींसाठी मिशनचे किमान वय एकवीसवरून एकोणीसवर आणले गेले, तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि ती बातमी ऐकल्यावर मी फारसा विचार न करता अर्ज भरला. माझी सोबतीण विशाखापट्टणमची होती. हिंदी आणि इंग्रजीत मी बोलत असे आणि तेलुगू ती सांभाळत असे.

एका रिक्षाचालकाच्या घरी आम्ही आठवड्यातून दोनदा जात होतो. त्याची बायको आमचे पाठ मन लावून ऐके. तिची सासू मात्र भिंतीला टेकून शेंगा सोलत बसलेली असे आणि आमच्याकडे पाहतही नसे. मॉर्मनचे पुस्तक हा बायबलबरोबर आम्ही मानतो तो धर्मग्रंथ. त्याच्या अखेरीस, मोरोनी नावाच्या भागाच्या दहाव्या अध्यायात, हे खरे आहे का असे वाचकाने मनापासून देवालाच विचारावे आणि पवित्र आत्मा त्याला सत्य दाखवील, असे वचन आहे. आमच्या शिकवण्याचा सारा भार त्या वचनावर असतो. मी ते समजावून सांगितले, आणि त्या म्हातारीने पहिल्यांदाच तोंड उघडून माझ्या सोबतिणीला काहीतरी विचारले. सोबतीण क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने मला हिंदीत सांगितले, "अम्मा विचारते आहे की, या मुलीने स्वतः कधी विचारलं का?"

मी विचारलेले नव्हते. माझे आईवडील मी सहा वर्षांची असताना मंडळीत आले. घरात रोज प्रार्थना होत असे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन जेवणांचा उपास होत असे, चहा नसे, आणि हे सारे खरेच आहे असे मी धरून चालले होते. दुसऱ्याला जे करायला सांगण्यासाठी मी घर सोडून आले होते, ते मी एकदाही केलेले नव्हते. मी त्या अम्माला तसे खरे सांगितले. तिने मान हलवली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी रोज पहाटे विचारत राहिले. मिशनवर तेव्हा साडेसहाला उठण्याचा नियम होता. मी सहालाच उठून स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ गुडघे टेकत असे, कारण सोबतिणीच्या नजरेआड नसले तरी तेवढाच एकांत मला मिळत असे. पुष्कळ दिवस काहीच झाले नाही. त्या दिवसांत मी शिकवत होते, पण 'मला ठाऊक आहे' असे म्हणणे मी थांबवले आणि 'मी विचारते आहे, तुम्हीही विचारा' असे सांगू लागले. उत्तर आले ते एका अगदी साध्या सकाळी, मनाला आलेल्या एका स्थिर शांततेच्या रूपाने आले, आणि त्याचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी येथे करणार नाही. त्या कुटुंबाने काही महिन्यांनी घर बदलले आणि आमची गाठ पुन्हा पडली नाही. अम्मा मात्र माझ्या प्रार्थनेत अजून असते.

एका आईकडून, मुंबई

माझा मुलगा 2018 ते 2020 मिशनवर होता. आधी त्याचा फक्त आठवड्याचा ईमेल येत असे आणि फोन वर्षातून दोनदाच, नाताळला व मातृदिनाला. फेब्रुवारी 2019 मध्ये मंडळीने दर आठवड्याला घरी बोलण्याची मुभा दिली, तेव्हा मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. पण ईमेल जपून ठेवलेले होते म्हणून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहिल्या चार महिन्यांच्या पत्रांत 'मी आज अमुक शिकवले' असे वाक्य सतत येते, आणि पुढे पुढे त्या जागी माणसे येऊ लागतात. कोणाची आई आजारी आहे, कोणाला कामावरून काढले आहे, कोण एकटे जेवते, हे तो लिहू लागतो. घरात असताना शेजारच्यांची नावेही त्याला ठाऊक नसत.

टोरोंटो आणि परिसर, 1999–2001

माझा जन्म ठाण्याचा. दहाव्या वर्षी आम्ही सॉल्ट लेक सिटीला गेलो, तेथे आम्ही मंडळीत आलो आणि एकोणिसाव्या वर्षी मला कॅनडाचे बोलावणे आले. 2004 मध्ये नवे मार्गदर्शक पुस्तक आले आणि सेवकाने आत्म्याच्या प्रेरणेने, समोरच्या माणसाची गरज ओळखून, स्वतःच्या शब्दांत शिकवावे यावर भर दिला गेला. आमच्या वेळी ठरलेले सहा पाठ होते आणि मी ते जवळजवळ शब्दशः पाठ केले होते. इंग्रजीत ते माझ्या तोंडून पाण्यासारखे वाहत.

मिसिसॉगामध्ये एके संध्याकाळी दार उघडले ते कोल्हापूरच्या एका काकांनी. माझे आडनाव वाचून त्यांनी आम्हाला आत बोलावले. काकूंनी चहा टाकला होता. आम्हाला चालत नाही म्हटल्यावर त्यांनी काही न विचारता दूध तापवले. मी मराठीत शिकवू लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो. ख्रिस्ताने आपल्या पापांसाठी जे भोगले त्याला मराठी ख्रिस्ती लोक 'प्रायश्चित्त' म्हणतात, म्हणून मी म्हणालो की, येशूने आपल्यासाठी प्रायश्चित्त घेतले. काका म्हणाले, "अरे, प्रायश्चित्त ज्याची चूक त्यानं घ्यायचं असतं. दुसऱ्यानं घेतलेलं मला कसं लागू पडेल?"

पाठात याचे उत्तर नव्हते, कारण इंग्रजी शब्दातून हा प्रश्न निघतच नाही. मराठी कानाला मात्र तो पहिल्यांदा ऐकू येतो. मी काहीतरी पुटपुटलो. काकू इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "हे तापानं फणफणले होते तेव्हा सासूबाईंनी अंबाबाईला नवस बोलला. उपास त्यांनी केले, अनवाणी त्या गेल्या, आणि बरे हे झाले. तेव्हा नाही विचारलंत कसं लागू पडलं ते!"

माझा अमेरिकन सोबती मला काय झाले असे खुणेने विचारत होता आणि मला बोलता येत नव्हते. एकाने दुसऱ्यासाठी आपल्या अंगावर घेणे म्हणजे काय, हे मी पाठ केलेल्या सहाही पाठांत मला असे कधी दिसले नव्हते. पुढे मी यावर पुष्कळ विचार केला. नवसात देवाशी देवाणघेवाण असते, ख्रिस्ताच्या कृपेत आपल्याकडून आधी काही मागितलेले नसते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. तरीही प्रेमापोटी दुसऱ्याचे ओझे वाहणाऱ्या त्या सासूबाईंपासून सुरुवात केली की मराठी माणसाशी बोलता येते, हे मला त्या घरात समजले. आपली श्रद्धा लोकांपुढे बोलून दाखवणे याला आम्ही 'साक्ष' देणे म्हणतो, त्या शब्दाचेही असेच आहे. आपल्याकडे साक्ष कोर्टात देतात, आणि जे डोळ्यांनी पाहिले त्याचीच देतात. तो अर्थ मनात धरल्यापासून माझ्या साक्षी छोट्या झाल्या.

ते कुटुंब मंडळीत आले नाही आणि मी त्यांना पुन्हा तसे विचारलेही नाही. दिवाळीला त्यांनी आम्हा दोघांना फराळाला बोलावले होते.

दिल्ली, 2009–11

शिकवणे सोपे, सोबत राहणे कठीण, असे मला वाटत असे. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचे निर्णय येतात, आणि तोपर्यंत दिवसाचे चोवीस तास जो जोडीला मिळाला असेल त्याच्याबरोबरच राहायचे असते. माझा तिसरा सोबती चेन्नईचा होता. त्याचे हिंदी कच्चे होते, म्हणून बोलण्याचे सारे काम मी माझ्याकडे घेतले आणि आपण त्याच्यावर उपकार करतो आहोत असे समजत राहिलो.

आठवड्यातून एकदा दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना काय चांगले वाटले आणि काय खटकले ते सांगायचे, असा नियम असतो. आम्ही ते दोन मिनिटांत उरकत असू. एकदा मात्र तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "तू शिकवतोस तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेला पाहुणा असतो." मला राग आला. रात्रभर मी कूस बदलत राहिलो. तो अन्यायाने बोलत नव्हता, हे मला उत्तररात्री कबूल करावे लागले.

पुढच्या भेटीत मी त्याला प्रार्थनेचा भाग दिला. मोडक्या हिंदीत, शब्द शोधत, लिंगवचन चुकवत तो बोलला. आम्ही ज्यांच्याकडे गेलो होतो ते निवृत्त गृहस्थ, जे माझ्या प्रत्येक वाक्यावर शंका काढत, ते पुढे झुकून त्याला शब्द सुचवू लागले. प्रार्थनेवरचा तो पाठ खरे म्हणजे त्या दोघांनी मिळून घेतला. मी मिशनवर जे काही शिकवले असेल त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात गप्प बसून मी अधिक शिकलो.

अॅरिझोना, 2016

मी सात महिन्यांनी परत आले. मला चिंतेचे झटके येऊ लागले होते आणि डॉक्टरांनी घरी पाठवण्याचा सल्ला दिला. विमानतळावर आई एकटीच आली होती, कारण मीच तसे कळवले होते. पूर्ण मुदत करून येणाऱ्यांसाठी फलक आणि फुगे घेऊन उभी असलेली कुटुंबे मी लहानपणापासून पाहिली होती. पहिल्या रविवारी प्रार्थनासभेत एका बाईंनी प्रेमाने विचारले, "परत कधी जाणार?" त्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्यानंतर मी तीन आठवडे घराबाहेर पडले नाही.

लवकर परतलेल्यांनी हे वाचावे म्हणून मी लिहिते आहे. मंडळीच्या गरजूंसाठीच्या धान्यकोठारात आठवड्यातून तीन दिवस मी डबे लावण्याचे काम धरले. तेथे येणाऱ्यांना मी काही शिकवत नव्हते. पण यादीप्रमाणे सामान देताना एका विधुर आजोबांना स्वयंपाक येत नाही असे कळले, आणि मी त्यांना डाळ शिजवायला शिकवले. मग भात, मग अंड्याची भुर्जी. त्यांनी एकदा विचारले की तू येथे कशी, आणि मी त्यांना सगळे सांगितले, अगदी झटक्यांसह. ते म्हणाले की, ते स्वतः 1960च्या दशकात मिशन अर्धे सोडून आले होते आणि हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलेले नव्हते. आम्ही दोघे तांदळाच्या पोत्यांशेजारी उभे होतो. आपण देवाच्या कामातून बाहेर टाकले गेलो आहोत ही माझी समजूत त्या दुपारी सैल झाली, जरी ती पुरती जायला आणखी दोन वर्षे लागली.

शिकणाऱ्या बाजूने, यूटा

मी या मंडळीत नाही. मी लातूरची, लग्नानंतर 2011 मध्ये यूटात आले. माझे इंग्रजी शाळेपुरते होते आणि घरात दिवसभर बोलायला कोणी नव्हते. प्रार्थनागृहात मिशनवरच्या मुली फुकट इंग्रजी शिकवतात असे शेजारणीने सांगितले, म्हणून मी जाऊ लागले. आमच्या वर्गाला दोघी होत्या, एक अमेरिकन आणि एक ब्राझीलची, जिचे स्वतःचे इंग्रजी अजून घडत होते.

मी त्या ब्राझीलच्या मुलीकडून अधिक शिकले. ती चुकली की थांबून दुरुस्त करी आणि वहीत लिहून घेई, त्यामुळे मला चुकण्याची लाज वाटेनाशी झाली. धर्माविषयी तिने एकदा विचारले. मी देवपूजा करते आणि बदलणार नाही असे सांगितल्यावर तिने मला माझ्या देवघराबद्दल विचारले आणि पुढचा तास मी मोडक्या इंग्रजीत तिला समईपासून बाळकृष्णापर्यंत सगळे सांगितले. परक्या भाषेत मी सलग इतके बोलले ते आयुष्यात पहिल्यांदा.

मुदत संपून ती निघाली तेव्हा तिने आपली वही मला दाखवली. डाव्या पानावर तिच्या चुका होत्या आणि उजव्या पानावर माझ्याकडून ऐकलेले शब्द, तिच्या लिपीत लिहिलेले. त्यात 'समई' होते, 'आई' होते आणि 'येते' होते, कारण आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत हे मी तिला सांगितले होते. दारात उभी राहून ती तेच म्हणाली.