राइडचे स्लॉट आधीच बुक करायचे की तिथे जाऊन बघायचं? घरात दोन पक्ष पडलेत

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज. आम्ही फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्डला चार दिवस जाणार आहोत. मी, नवरा, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि सासूबाई. तिकिटं झाली, हॉटेल झालं, आता राइडच्या बुकिंगवरून अडलंय.

त्याचं कारण मागची ट्रिप. तेव्हा दुसऱ्याच एका थीम पार्कात गेलो होतो, तिथेही ॲपवरून वेळ घ्यायची सिस्टिम होती. मी महिनाभर आधीपासून वाचून, तक्ता करून, तासातासाचं ठरवून ठेवलं होतं आणि खरं सांगते सगळं ठरल्याप्रमाणे झालं, एकही राइड सुटली नाही. पण दुपारी एका राइडकडे जात असताना वाटेत एक सफाई कर्मचारी झाडू पाण्यात बुडवून फरशीवर चित्र काढत होता. मुलगी तिथेच उभी राहिली, म्हणाली आई पूर्ण होईपर्यंत थांबूया ना. आमचा स्लॉट संपायला आठ मिनिटं होती. मी तिचा हात धरून अक्षरशः ओढत नेलं. राइड तीन मिनिटांची होती. परत आलो तर पाणी वाळून गेलेलं, फरशी कोरडी, तो माणूसही तिथे नव्हता. आज वर्ष होत आलं, तिला ती राइड कुठली होती ते आठवत नाही, पण ते चित्र कशाचं होणार होतं हे ती अजून विचारते.

तेव्हापासून नवऱ्याचं म्हणणं, या वेळी काही बुक करायचं नाही, सकाळी उठायचं, जायचं आणि जे दिसेल ते करायचं. मला ते पटतं पण भीतीही वाटते, कारण चार वर्षांचा मुलगा दोन तास रांगेत उभा राहणार नाही आणि सासूबाईंचे गुडघे तर अजिबात नाही. शिवाय एवढे पैसे घालून गेल्यावर मुलीला जी एकच राइड हवीये (स्लिंकी डॉग डॅश) तीच मिळाली नाही तर मला स्वतःला माफ करता येणार नाही.

ज्यांनी दोन्ही करून बघितलंय त्यांनी सांगा, नेमकं किती आधी ठरवायचं आणि किती सोडून द्यायचं?

वेळापत्रक_वही

ताई, चित्राचं वाचून वाईट वाटलं. पण त्यात प्लॅनिंगचा दोष आहे असं मला वाटत नाही, दिवस गच्च भरण्याचा आहे. मी पक्की प्लॅनिंगवाली आहे त्यामुळे आधी सिस्टिम काय आहे ते सांगते, कारण जुनं वाचून लोक घाबरतात.

१९९९ मध्ये फास्टपास (म्हणजे मोठी रांग टाळून वेगळ्या छोट्या रांगेतून राइडला जायची सोय) आला तेव्हा तो कागदी होता आणि फुकट. राइडपाशी मशीनमध्ये तिकीट घालायचं, चिठ्ठी यायची, त्यावर एक तासाची वेळ असायची, त्या तासात परत यायचं. म्हणजे ठरवायचं ते त्याच दिवशी, तिथे पोचल्यावर. मग २०१४च्या सुमारास फास्टपास प्लस आला, त्यात डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी राइड ठरवता यायची. दोन महिने आधी कुणाला माहीत असतं की त्या मंगळवारी दुपारी दोन वाजता आपलं पोरगं जागं असेल की झोपलेलं! इंटरनेटवर जे भयंकर तक्ते सापडतात ना ते बरेचसे त्या काळातले आहेत. २०२१ मध्ये जिनी प्लस आलं, त्यात सगळं त्याच दिवशी सकाळी सातला, म्हणजे सुट्टीवर असून गजर लावून उठायचं. आणि जुलै २०२४ पासून आताचं लाइटनिंग लेन मल्टी पास.

यात डिस्नेच्या हॉटेलात असाल तर ७ दिवस आधी, नाहीतर ३ दिवस आधी, तिथल्या सकाळी ७ पासून तीन राइड घेता येतात. डिस्ने वर्ल्डच्या चार पार्कांपैकी ॲनिमल किंगडम सोडून बाकी तीन पार्कांत (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज) राइडचे दोन गट केलेत, पहिल्या गटातून एक आणि दुसऱ्यातून दोन असं घ्यावं लागतं. पहिली वापरली की पुढची घेता येते. ट्रॉनसारख्या काही मोठ्या राइड यात येत नाहीत, त्यांचे पैसे वेगळे. आणि पासची किंमत रोज बदलते, पार्कागणिकही बदलते, म्हणून मी आकडा सांगत नाही, ॲपमध्ये तुमच्या तारखा टाकून बघा.

आता महत्त्वाचं, ही वेळ बदलता येते. जागा शिल्लक असेल तर ॲपमध्येच पुढची वेळ घ्यायची. आठ मिनिटं उरली असताना धावायच्या आधी फोन काढून बघायचा की तासाभराने पुढची वेळ मिळते का. नेहमी मिळेलच असं नाही, मोठ्या राइडला बहुतेक नाहीच मिळत, पण मधल्या राइडना खूपदा मिळते. आणि राइड बंद पडली तर पास वाया जात नाही, नंतर तीच किंवा दुसरी राइड घेता येते. हे मला पहिल्या वेळी माहीत नव्हतं आणि मी उगाच रडकुंडीला आले होते.

स्लिंकी हॉलिवूड स्टुडिओजमध्ये आहे आणि तिला प्रचंड मागणी असते, ती तरी बुकिंग उघडल्या उघडल्या घ्या. आणि मुलाची उंची मोजा, तिथे ९७ सेंमी लागते.

गणितवेडा

मी थोडं वेगळं बोलतो, कुणाला बरं वाटो न वाटो. या सिस्टिममुळे थांबणं कमी होत नाही हो, ते एकाकडून दुसऱ्याकडे जातं. राइड तासाला जेवढी माणसं नेते तेवढीच नेणार, बुकिंगने डबे वाढत नाहीत.

समजा एक राइड तासाला १००० माणसं नेते आणि साध्या रांगेत तुमच्यापुढे ६०० जण आहेत. सगळ्या जागा त्याच रांगेला असत्या तर ३६ मिनिटांत तुमचा नंबर. पण त्यातल्या ७०० जागा पासवाल्यांना दिल्या तर साध्या रांगेला उरल्या ३००, म्हणजे तेच ६०० जण संपायला २ तास. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, कुठल्या राइडचे खरे नाहीत.) म्हणून रांग लहान दिसते पण हलत नाही, आणि शेजारून माणसं सरासर पुढे जाताना दिसतात. पोरांना याचा जास्त त्रास होतो, नुसत्या थांबण्याचा तेवढा नाही.

दुसरी गोष्ट, पासवाला माणूस एका राइडची वेळ येईपर्यंत दुसऱ्या राइडच्या साध्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणजे एक माणूस एकाच वेळी दोन रांगांत. त्यामुळे पूर्वी ज्या राइडना कुणी फार थांबायचं नाही तिथेही रांगा लागल्या.

हे सगळं सांगायचं कारण असं की ‘ठरवायचंच नाही’ हे आता पूर्वीसारखं फुकट राहिलेलं नाही. बाकीच्यांनी ठरवलेलं असतं त्यामुळे न ठरवणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं. मला हे अजिबात आवडत नाही, तळमळीने सांगतो, माझ्या मते कागदी चिठ्ठी निदान सगळ्यांना सारखी होती. पण तुम्ही निषेध म्हणून बुकिंग केलं नाहीत तर त्याची किंमत तुमच्या सासूबाईंचे गुडघे मोजणार. नवऱ्याला हे गणित दाखवा.

मोकळी_वाट

आम्ही पूर्ण बिनबुकिंगचे दोन दिवस काढलेत, एका मोठ्या पार्कात, त्यामुळे खरं काय ते सांगते, चांगलं आणि वाईट दोन्ही.

चांगलं आधी. उघडल्यानंतरचा पहिला तास आणि बंद होण्याआधीचा शेवटचा तास यात आमच्या निम्म्याहून जास्त राइड झाल्या. डिस्ने वर्ल्डला तर त्यांच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, तो अर्धा तास कुठल्याही पासइतकाच कामाचा आहे, फक्त उठायला हवं. आणि बंद व्हायच्या मिनिटापर्यंत रांगेत शिरलात तर राइड मिळते, घालवून देत नाहीत. मधल्या टळटळीत उन्हात आम्ही रांगेत उभंच राहिलो नाही, मुलं एका कारंज्यात दीड तास भिजत होती, मी आणि बहीण बाकावर बसून गप्पा मारत होतो, इतक्या निवांत गप्पा घरीसुद्धा होत नाहीत आमच्या.

वाईट म्हणजे जी राइड माझ्या भाच्याला हवी होती ती आम्हाला मिळालीच नाही. सकाळी बंद पडली होती, दुपारी १४० मिनिटं, रात्री परत बंद. तो काही बोलला नाही, १२ वर्षांचा आहे, पण परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसला होता. ते मला अजून टोचतं. म्हणून ताई, कुणाची तरी जी एक जीव अडकलेली राइड असते ना ती नशिबावर सोडू नका. बाकीचं सोडा.

अजून एक, सगळीकडे सारखं नसतं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला मल्टी पास आत शिरल्यावर त्याच दिवशी एकेक करून घ्यायचा असतो, टोकियोलाही आत गेल्यावरच ॲपवर घेतात. युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कातल्या एक्सप्रेस पासला तर वेळच नसते, जेव्हा वाटेल तेव्हा त्या रांगेत जायचं, पैसे मात्र सणसणीत. तुमच्या नवऱ्यासारख्या माणसाला ते मानवेल. डिस्ने वर्ल्डलाही २०२४च्या ऑक्टोबरअखेर वेळ नसलेला प्रीमियर पास आणलाय पण तो सुरू झाला तेव्हा माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर होता, पाच जणांचा हिशोब करा म्हणजे कळेल.

संध्याकाळी_वाचतो

थोडक्यात लिहितो. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोच यांचं २०१६चं संशोधन याच विषयाला लागू पडतं. त्यांचं म्हणणं असं की मौजेची गोष्ट ठराविक वेळेला बांधली की ती कामासारखी वाटायला लागते आणि मजा कमी होते. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवसांत फुकट कॉफीला बोलावलं होतं, काहींना नेमकी वेळ दिली आणि काहींना दोन तासांत कधीही या म्हटलं. नेमकी वेळ दिलेल्यांना मजा कमी आली. पण दुसऱ्या गटाचं म्हणजे ढोबळ ठरवलेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे मजा मारते ती मिनिटाची वेळ, ठरवणं नव्हे. ‘आज दुपारनंतर त्या बाजूला जाऊ’ इतपत चालतं.

आणि एक स्वतःच्या अनुभवाचं. फोन ज्याच्या हातात असतो त्याला पार्क दिसत नाही. आमच्याकडे ते काम कायम बायकोकडे होतं, फोटोंमध्ये ती प्रत्येक ठिकाणी खाली बघतेय. पुढच्या वेळी मी घेतलं तेव्हा कळलं तिने काय काय सोडलं होतं. तुमच्या नवऱ्याला बुकिंग नको असेल तर एक दिवस ॲप त्यांच्याच हातात द्या.

निळी_छत्री

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. ३६ मिनिटं आणि २ तासाचं गणित ऐकून तो गप्प झाला, आणि भाच्याचं वाचून मी.

मग असं ठरवलंय. चारपैकी दोनच दिवस पास घ्यायचा, हॉलिवूड स्टुडिओज आणि मॅजिक किंगडम. त्यातही तीन स्लॉट घ्यायचे ते सगळे सकाळचे, जेवणाआधी संपतील असे. पहिली वापरली की पुढची घेता येते हे मला माहीत आहे, पण मी नंतर घेणार नाही, हे मीच मला सांगतेय. एपकॉट आणि ॲनिमल किंगडमला काहीच बुक नाही, तिथे नवऱ्याचं राज्य. तो म्हणतो पास घेतलेल्या दिवशीही दुपारनंतर फोन बॅगेत टाकायचा, मी म्हटलं बॅग सासूबाईंकडे देऊ, त्या कुणालाच देणार नाहीत.

एक विचारायचं राहिलं, ज्या राइडला मुलगा बसू शकत नाही तिथे आम्ही दोघं कसं करायचं?

वेळापत्रक_वही

रायडर स्विच विचारा, राइडच्या दारापाशी जे कर्मचारी असतात त्यांना. एक जण मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही. आणि मोठ्या मुलाला बहुतेक वेळा दोघांबरोबर दोनदा बसायला मिळतं, मुलगी खूश होईल. सासूबाईंसाठी व्हीलचेअर पार्कात भाड्याने मिळते, सकाळीच घ्या, दुपारी दमल्यावर शोधू नका.

बाकी नंतरचे स्लॉट अजिबात न घेणं मला नाही पटलं. पैसे भरलेत तर संध्याकाळचा एखादा घ्या, निदान फोन काढून बघा तरी. पण ट्रिप तुमची आहे. उंची मोजलीत का?

निळी_छत्री

मोजली, दाराच्या चौकटीला उभा करून, ९८. बूट काढून. म्हणजे स्लिंकीला तोही चालतो, ताईबरोबर बसायचं म्हणून आत्तापासून उड्या मारतोय. ट्रॉनला १२२ लागते, ती मुलगीसुद्धा अजून चार सेंमी कमी आहे, तर ते पैसे वाचले.

आणि मुलीला विचारलं की तुला अजून काय हवंय, तर म्हणाली ते पाण्याने चित्र काढणारे काका तिथेही असतील का. मी म्हटलं माहीत नाही, दिसले तर थांबू.