वॉकर आडनावाचा मूळ अर्थ काय? आणि ते इतकं पसरलं कसं?

काठेवाडचे_कागद यांचा प्रश्न:

1807 मध्ये काठेवाडच्या संस्थानिकांची खंडणी ठरवून देणारा बडोद्याचा रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत हमखास भेटतो. त्याच्या आडनावाबद्दल तीन शंका आहेत.

वॉकर म्हणजे सरळ 'चालणारा', म्हणजे निरोप्या किंवा जासूद, असंच धरायचं का? इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेत हे आडनाव इतकं का आढळतं? आणि त्या काळातले दोन वॉकर एकाच घराण्यातले आहेत की नाहीत, हे कागदोपत्री कसं तपासायचं?

मागठसा:

निरोप्याचा काही संबंध नाही. वॉकर म्हणजे लोकरीचं कापड तुडवणारा कारागीर. जुन्या इंग्रजीत 'वेअल्कन' म्हणजे लाटणं, उलथंपालथं करणं. त्यावरून 'वेअल्केरे', त्याचं पुढे वॉकर झालं. पायी चालणं हा अर्थ त्या क्रियापदाला नंतर चिकटला.

हे काम काय होतं ते समजलं की आडनावही समजतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. लोकरीची मूळची चरबी असतेच, शिवाय कताईच्या आधी तिला तेल नाहीतर लोणी चोळलेलं असतं. चरबी काढायला शिळं मूत्र वापरत. ताजं चालत नाही. आठवडाभर किंवा जास्त साठवल्यावर त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो चरबी सोडवतो. मग चरबी शोषून घेणारी माती लावायची. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच जातीची, आणि तिचं इंग्रजी नाव 'फुलर्स अर्थ' याच धंद्यावरून पडलं.

त्यानंतर कोमट पाण्याच्या हौदात कापड टाकून अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचं. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून दाट होतं. लोकरीचा स्वेटर गरम पाण्याने वॉशिंग मशीनमध्ये धुतल्यावर लहान मुलाच्या मापाचा होतो, तो याच कारणाने. हौदात मात्र हे आटणं हिशेबाने करायचं असे. रुंदी तिसऱ्या हिश्श्याने कमी होणार हे धरूनच विणकर कापड रुंद विणत असे. सुताच्या तंतूला खवले नसतात, त्यामुळे सुती कापडावर ही क्रिया होतच नाही.

बिघडण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. कापड पुन्हा पुन्हा उलटलं नाही तर घड्यांच्या जागी जाड पट्टे पडतात. चरबी राहिली तर रंग डागाळतो. जास्त तुडवलं तर कापड ताठ होतं आणि आखूड भरतं. शेवटी ते आकडे लावलेल्या लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. लबाड व्यापारी वारभर जास्त भरावं म्हणून प्रमाणाबाहेर ताणत, आणि असं कापड पहिल्या पावसात पुन्हा आटे. त्याविरुद्ध कायदे करावे लागले होते.

बाराव्या शतकापासून हे काम पाणचक्कीवरच्या लाकडी हातोड्यांकडे जाऊ लागलं. टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या धर्मसंघाच्या सरदारांच्या इंग्लंडमधल्या मिळकतींची 1185 ची मोजणी आहे, तिच्यात अशा चक्क्यांची नोंद सापडते. पाय थांबले तरी इंग्लंडच्या उत्तरेत चक्कीला 'वॉक मिल'च म्हणत राहिले.

नकाशावेडा:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भूगोलात आहे. याच एका कामाला इंग्लंडमध्ये तीन शब्द होते आणि तिन्हींची आडनावं झाली. उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये वॉकर. आग्नेयेला, म्हणजे ससेक्स, केंट, सफक, नॉरफक या भागांत फुलर. नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटकडे टकर. एक्सेटरला विणकर, फुलर आणि कातऱ्यांच्या संघाची 1471 ची इमारत अजून उभी आहे, आणि तिचं नाव टकर्स हॉल. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गावच आहे. वेल्समध्ये अशा चक्कीला 'पांडी' म्हणत, टोनीपांडी या गावाच्या नावात तीच आहे.

1881 च्या जनगणनेवरून काढलेले आडनावांचे नकाशे पाहिले तर ही विभागणी तेव्हाही टिकून होती. वॉकर सर्वांत पुढे गेलं, कारण त्या शब्दाचा मुलूखच मोठा होता, आणि त्यातल्या यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमध्ये लोकरीच्या गिरण्या वाढल्या तशी लोकसंख्याही फुगली. आज इंग्लंडच्या पहिल्या पंचवीस आडनावांत ते सहज बसतं.

स्कॉटलंडचं वॉकर मात्र दोन वाटांनी आलं. सखल भागात तोच इंग्रजी शब्द. डोंगराळ भागात गेलिकमधलं 'मॅक अन उकादर', म्हणजे कापड तुडवणाऱ्याचा मुलगा, याचं इंग्रजीकरण करून काहींनी वॉकर घेतलं. हेब्रिडीज बेटांवर बायका टेबलाभोवती बसून गाण्याच्या ठेक्यावर ओलं कापड आपटत, ती गाणी आजही म्हटली जातात.

अमेरिकेत 2010 च्या जनगणनेत या आडनावाचे पाच लाखांहून जास्त लोक होते आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. गुलामगिरीतून सुटलेल्या अनेक कुटुंबांकडे इंग्रजी आडनावं आली, त्यातलं हे एक. तिथे आडनावावरून यॉर्कशायर गाठायला जाऊ नये.

चालण्याचा गैरसमज पक्का केला तो व्हिस्कीच्या बाटलीने. किल्मारनॉकचा वाणी जॉन वॉकर 1820 मध्ये दुकानात बसला, पण झपझप चालणारा माणूस बाटलीवर आला 1908 मध्ये. पुढे गुरुदत्तने बदरुद्दीन काझी यांना त्याच बाटलीवरून जॉनी वॉकर हे नाव दिलं. आपल्याकडे हे नाव घरोघरी पोहोचलं ते असं, लोकरीशिवाय.

काठेवाडचे_कागद:

छान. म्हणजे प्रत्येक वॉकरचा मूळपुरुष कापड तुडवणाराच, असं म्हणता येईल?

वंशवेल:

नाही. न्यूकासलजवळ वॉकर नावाची वस्ती आहे, रोमन भिंतीशेजारची दलदल या अर्थाचं नाव. तिथून बाहेर पडलेल्यांचं आडनाव गावावरून असू शकतं. आणि मध्ययुगीन कागदांत अडचण अशी की कारकून लॅटिनमध्ये नुसतं 'फुलो' लिहून मोकळा होई. गावात त्या माणसाला वॉकर म्हणत की फुलर, हे त्यावरून कळत नाही. शिवाय सामान्य लोकांची आडनावं वंशपरंपरागत होईपर्यंत साधारण 1400 उजाडलं, त्यामुळे त्याआधीचा 'वॉकर' हा बहुधा त्या माणसाचा धंदाच.

आता तुमचा तिसरा प्रश्न. गावोगावी वेगवेगळ्या कारागिरांवरून पडलेलं हे आडनाव, म्हणून आडनाव जुळलं यावरून नातं धरायचं नाही. 'वॉकर घराण्याचं मानचिन्ह' विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. मानचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वारसांना मिळतं, आडनावाला नाही.

शोध नेहमी अलीकडून मागे न्यायचा. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी 1 जुलै 1837 पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत जन्माबरोबर आईचं माहेरचं आडनाव 1837 पासूनच दिसतं. जॉन वॉकर शेकड्याने निघतात तेव्हा हाच एक धागा कामी येतो. जनगणना 1851 पासूनची धरा, तीत जन्माचं गाव असतं. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणलेलं आहे, 34 वर्षांचा माणूस 30 चा दिसतो, आणि नातं लिहिलेलंच नाही. कित्येकांच्या वंशावळी नेमक्या इथे चुकतात. त्याआधी चर्चची दफ्तरं, 1538 पासून, पण सगळ्या गावांची टिकलेली नाहीत.

स्कॉटलंडची सरकारी नोंदणी 1855 ची. उशिराची, पण मृत्यूच्या दाखल्यावरही आई-वडील दोघांची नावं असतात, म्हणून काम सोपं होतं.

तुमचे वॉकर हिंदुस्थानात आलेले असतील तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद बघा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी इलाख्यांप्रमाणे लावल्या आहेत: एन/1 बंगाल, एन/2 मद्रास, एन/3 मुंबई. बडोद्याचे लोक एन/3 मध्ये शोधायचे. मधलं नाव हटके असेल तर ते आधी घ्या, स्कॉटिश कुटुंबांत ते बऱ्याचदा आईचं माहेरचं आडनाव असतं. अलेक्झांडर वॉकरपासून सुरुवात करणार असाल तर त्याचा जन्म स्कॉटलंडमधल्या फाइफचा, म्हणून यॉर्कशायरची दफ्तरं चाळण्यात वेळ घालवू नका.